३६२ मीटर : एका सेवा शिबिराच्या नोंदी, उन्हाळा २०२५

पुढच्या वर्षी हे शिबिर ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी ही वही. हिशेबाची वही वेगळी आहे, ती फादरांकडे. यात बाकीचं सगळं. वसईच्या आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे चर्चच्या हद्दीतली, युवा मंडळी, संगमनेर तालुक्याच्या पठारावरची एक वाडी, दोन तुकड्या, प्रत्येकी वीस जण, काम सलग समतल चरांचं, म्हणजे उतारावर पाणी अडवायला एका पातळीत खणायच्या लांब, उथळ खड्ड्यांचं. ठरवलं होतं ६०० मीटर. झालं किती ते मथळ्यात आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

काल ईस्टरचा सोमवार. दुपारी जेवायला बसलो आणि पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. परवाच रविवारी त्यांना बाल्कनीत पाहिलं होतं, टीव्हीवर. आजी जपमाळ घेऊन बसली ती बसलीच. म्हटलं, शिबिर पुढं ढकलतात की काय. फादर म्हणाले, चर पोपसाठी थांबत नाहीत, जा.

वसईहून नाशिक, नाशिकहून संगमनेर, पुढं जीप. सिन्नर सोडल्यावर हिरवं असं काही उरत नाही. आईनं पिशवीत सुके बोंबील कोंबलेत, वासानं एसटीतल्या बाईनं दोनदा खिडकी उघडली.

मुक्काम शाळेच्या सभागृहात. पंखे दोन, चालतो एक.

२४ एप्रिल, गुरुवार

ग्रामपंचायतीत बैठक. इथल्या मिशनचे फादर सोबत होते म्हणून बरं. सरपंचांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, काम काय करणार. दुसरा, काम झाल्यावर काय करणार. पहिल्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं, ठराव झालेलाच आहे. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

मी सांगितलं: पत्रकं नाहीत, पुस्तकं वाटणार नाही, प्रार्थना सभागृहात करू आणि दार उघडं ठेवू, कोणाला बघायचं तर बघावं. एक सदस्य म्हणाले, "दार लावूनच करा ना, डास येतील." सगळे हसले. मीही हसले, पण वहीत लिहून ठेवतेय, कारण त्या हसण्यात परवानगी किती आणि इशारा किती ते मला अजून कळलेलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

टेकडीची पाहणी. गायरान आहे, वरच्या अंगाला मुरूम, खाली थोडी माती. सोबत गावातले एक आजोबा, वय सत्तरीच्या पुढं. नव्वदच्या दशकात दरेवाडीकडं पाणलोटाचं काम झालं तेव्हा ते मजुरीला होते. बाखर बाबांना पाहिलंय म्हणाले. हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर. १९९३ मध्ये 'वॉटर' ही पाणलोटाचं काम करणारी संस्था उभी राहिली ती त्यांच्या आणि क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकारानं. आमच्या वसईच्या तरुणांपैकी एकालाही हे नाव ठाऊक नव्हतं, मलाही मागच्या वर्षीच कळलं.

आजोबांना विचारलं, बाबा कसे होते? म्हणाले, "मराठी बोलायचे. पण आधी श्रमदान मोजायचे, मग बोलायचे."

चराचं माप: रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ३०. म्हणजे एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला, भराव म्हणून. रेघ मात्र अगदी समपातळीत हवी, नाहीतर चराचा नाला होतो. हे वाक्य मी पहिल्या तुकडीला चारदा सांगितलं. का आठवण करून देतेय ते पुढं येईल.

२८ एप्रिल, सोमवार

पहिली तुकडी काल आली. अकरा मुली, नऊ मुलगे, सतरा ते बावीस वयाचे. आज सकाळी सहा ते साडेनऊ काम. ११ मीटर. टिकाव मुरमावर पडला की नुसता टण्ण आवाज आणि ठिणगी. दहापर्यंत सगळ्यांचे तळवे फुटले. कांदा, हळद, खोबरेल, ज्याची जी आजी तिचं ते औषध.

३० एप्रिल, बुधवार

हे सविस्तर लिहायला हवं.

समपातळी काढायला आम्ही ए-फ्रेम वापरतो. दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला दगड लटकवायचा, झाला ओळंबा. सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. ऊन उतरल्यावर रेघा आखून ठेवाव्यात म्हणून काल संध्याकाळी तिघे जण फ्रेम खांद्यावर घेऊन टेकडी चढले. मागून चौथा फक्कीची पाटी घेऊन.

आता हे गावातून कसं दिसलं असेल बघा. मावळतीचं आभाळ, टेकडीची कड, आणि खांद्यावर आडव्या-उभ्या काठ्या घेऊन चढणारी ख्रिस्ती पोरं. वर जाऊन ती काठी जमिनीत टेकवतात, मागं सरून बघतात, परत उचलतात.

आठ वाजता चार माणसं सभागृहात. टेकडीवर क्रूस रोवताय का?

मला आधी राग आला आणि मग पोटात गोळा आला. म्हटलं, या, दाखवते. त्यांच्यातल्या दोघांना आज सकाळीच टेकडीवर घेऊन गेले. एकाच्या हातात फ्रेम दिली. त्यानं ती उलटी धरली. खूण कुठं, सुतळी कुठं, पाय कुठं, सगळं समजून घेतलं आणि मग गडी पेटलाच. दीड तास खाली आला नाही. जाताना म्हणाला, "आमच्या बांधाला बी हे चालंल का?" चालेल म्हटलं. उद्या एक फ्रेम त्याला बनवून द्यायची आहे.

पुढच्या वर्षी: फ्रेम दिवसाच न्या, आणि गावातलं कोणीतरी बरोबर असू द्या. आपण आपल्याला कसे दिसतो यावर भरवसा ठेवू नका.

१ मे, गुरुवार

सकाळी शाळेत झेंडावंदन, आम्ही सगळे गेलो. नंतर फक्त दोन तास काम, १२ मीटर.

पाण्यावरून आज मी पहिल्यांदा ओरडले. एक मुलगा दात घासताना टाकीचा नळ चालू ठेवून गप्पा मारत होता. इथं टँकर दिवसाआड येतो. माणशी एक बादली, त्यात अंघोळ, कपडे सगळं. त्याला वाईट वाटलं, पण त्याच्याही डोक्यात काय चाललं असेल ते मला कळतं. आमच्या घरामागं विहीर आहे, पलीकडं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आहे. होतं म्हणायला हवं, अर्धं भरावात गेलं, त्यावर आता गाड्या लागतात. फादर दिब्रिटोंनी हरित वसईसाठी जन्मभर घसा कोरडा केला, आणि आम्ही बावखलं बुजवून पठारावर चर खणायला येतो. हे कोणाला बोलून दाखवलं नाही. रात्री झोप लागली नाही एवढंच.

५ मे, सोमवार

फ्रेम दगडावर आपटून एका पायाचं टोक चिरलं. तुकडीतल्या गिटारवाल्यानं चिरलेला भाग करवतीनं कापून साफ केला. काम अर्ध्या तासात परत सुरू. छान, म्हटलं.

वेळ वाचावा म्हणून मी आणखी एक गोष्ट बदलली. नेहमी एक पाय जागेवर ठेवून फ्रेम फिरवायची असते, कंपाससारखी, म्हणजे आलटून पालटून पाय पुढं येतो. त्याऐवजी सरळ उचलून पुढं ठेवा, म्हटलं. दोघांनी धरली की पटापट होतं. झालंही.

आज २४ मीटर.

७ मे, बुधवार

पहाटेपासून फोन. सीमेपलीकडच्या कारवाईची बातमी, आणि आजच देशभर मॉक ड्रिल. रेंज फक्त हनुमानाच्या देवळाच्या पारावर येते, त्यामुळं वीस पोरं रांगेनं पारावर. सहा घरांतून एकच मागणी: परत पाठवा. मी प्रत्येक पालकाशी स्वतः बोलले. दोन मुलींच्या आया रडत होत्या. त्या दोघींना जायचं नव्हतं. शेवटी एकीचे वडील येऊन तिला घेऊन गेले, दुसरी राहिली.

काम तरी केलं. रिकामं बसलं तर सगळे मोबाइलमध्येच घुसतात.

८ मे, गुरुवार

रात्री साडेनऊनंतर परत पारावर, आज वेगळ्या कारणानं. पांढरा धूर दिसला. पावणेअकराच्या सुमाराला नाव कळलं, लिओ चौदावे. आमची पोरं देवळाच्या पारावर टाळ्या वाजवतायत हे बघून गुरवकाका घोंगडं घेऊन बाहेर आले. "कोन निवडून आलं?" नवीन पोप, म्हटलं. "कुठले?" अमेरिकेचे. "आरं वा," म्हणाले आणि आत गेले.

९ मे, शुक्रवार

पहिल्या तुकडीची शेवटची रेघ खणून झाली, ३८ मीटर, टेकडीच्या मधल्या अंगाला. दिसायला सगळ्यात देखणी. कडा सरळ, भराव चोपलेला. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले.

आजोबा आले, एका टोकाला उभे राहिले, मान वाकडी करून बघितलं. "ताई, ही रेघ उतरती हाय." मी म्हटलं, आजोबा, फ्रेमनं काढलीय. ते म्हणाले, "व्हय, पन उतरती हाय." आणि काठी टेकत गेले.

मी परत मोजलं नाही. उद्या तुकडी जायची, सामान आवरायचं होतं, निरोपाची मिस्सा होती. कारणं भरपूर होती.

तुकडीचं एकूण: २१४ मीटर.

११ मे, रविवार

चुलतबहिणीचं लग्न. व्हिडिओ कॉलवर पाचच मिनिटं दिसलं, त्यात चार मिनिटं कोणाच्यातरी कोपराचं दर्शन. बँड ऐकू आला. आई म्हणाली, "तुझी साडी मी नेसले." तिला ती साडी कधीच आवडली नव्हती.

दुपारी दुसरी तुकडी आली.

१४ मे, बुधवार

मे महिना मरियामातेचा, म्हणून संध्याकाळी ख्रिस्ती वस्तीत जपमाळ. सातआठ घरं. इथं जपमाळेनंतर टाळ-मृदंगावर भजन होतं, आमच्या पोरांनी गिटार काढली ती मुकाट्यानं परत पिशवीत घातली. वस्तीतले एक काका गात होते, असा आवाज आमच्या अख्ख्या क्वायरमध्ये नाही.

चहा घेताना आमच्यातल्या एकानं सहज सांगितलं, "आम्ही मूळचे सामवेदी ब्राह्मण." वसईत हे घराघरांत बोललं जातं, त्यानंही घरात ऐकलेलं ओकलं. कोणी काही बोललं नाही. काकांनी कपात साखर हलवली, जास्तच वेळ. त्यांची मुलगी बारावी झालीय, कॉलेजच्या प्रवेशाची कागदपत्रं जुळवतेय. ती उठून आत गेली.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती बाहेरच. म्हणजे या पोरीच्या आज्याला गावानं जसं वागवलं ते तसंच, पण कागदावर ती त्या जातीची नाही. आणि तिच्या अंगणात बसून, तिच्या घरचा चहा पीत, आमचा पोरगा आपली मूळ जात सांगतो.

मी तिथंच बोलायला हवं होतं. बोलले नाही. रात्री सभागृहात विषय काढला, बाराच्या पुढं चालला. त्या मुलाचा चेहरा पडला होता. सकाळी तो एकटाच वस्तीत गेला, काय बोलला ते मी विचारलं नाही. परत आला तो काकांकडून भजनाची एक चाल शिकून.

१७ मे, शनिवार

गावात अखंड हरिनाम सप्ताह सुरू आहे, आज काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आम्हाला बोलावणं आलं. पोरांनी पंगतीत बुंदी वाढली, चांगली आठशे पानं उठली असतील. एकीनं घाईत बुंदीवर आमटी ओतली, ती पंगत अजून हसतेय.

सप्ताहाच्या काळात सभागृहात बोंबील भाजायला मी बंदी घातली होती. त्यावरून तुकडीत नाराजी: कोणी मनाई केलीय का? नाही, कोणीच केली नव्हती. तरी बंदी. आज रात्री उठवली. वासावर पहिलं कोण आलं असेल तर काल मृदंग वाजवणारा पोरगा. त्यांच्याकडं बाजारच्या दिवशी सुकट-बोंबील येतंच की. आईच्या पिशवीतले सगळे संपले.

२१ मे, बुधवार

गेले आठ दिवस रोज दुपारी आभाळ भरून येत होतं, वळवाचे शिंतोडे. काल रात्री मात्र खरा पाऊस झाला. मे महिन्यात असा पाऊस आजोबांनाही आठवत नाही. पत्र्यावर इतका आवाज की बोलणं ऐकू येईना. पोरं नाचली. मी पण.

सकाळी सहाला वर गेलो. पहिल्या सगळ्या रेघा भरलेल्या, एकसारख्या, लाल पाण्याच्या पट्ट्या. काठावर बेडूक. कुठून आले देव जाणे.

आणि मग मधली, देखणी रेघ. एका टोकाला कोरडी. दुसऱ्या टोकाला भराव फुटलेला, तीन हात रुंद, आणि तिथून खाली घळ पडलेली पार पायवाटेपर्यंत. ३८ मीटरचं पाणी एका जागी जमलं आणि तिथूनच गेलं. जाताना खालच्या रेघेचा दहा मीटर भरावही घेऊन गेलं.

खाली बसून फ्रेम तपासली. तपासायची रीत सोपी: सुतळी खुणेवर येईल अशा दोन जागांवर पाय ठेवायचे, मग दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर ठेवायचं. सुतळी परत त्याच खुणेवर आली पाहिजे. आली नाही. ५ मे रोजी कापलेला पाय आखूड होता. दोन पायांत अंतर दोन मीटर, चूक दर वेळी साधारण दीड सेंटिमीटर. फ्रेम फिरवत गेलो असतो तर एकदा वर एकदा खाली, चूक फिटत गेली असती. आम्ही उचलून ठेवत गेलो, म्हणजे प्रत्येक वेळी खालीच. एकोणीस वेळा दीड, साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. चराची खोलीच तीस.

उचलून ठेवा हे मी सांगितलं होतं. पाय कापल्यावर तपासणी मी केली नव्हती. आणि आजोबांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना फ्रेमचं नाव ऐकवलं होतं.

दुसऱ्या तुकडीला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पहिल्या तुकडीच्या ग्रुपवरही टाकलं, फुटलेल्या भरावाच्या फोटोसकट. त्यांनी फोटो काढले होते ना तिच्याबरोबर.

२२ मे, गुरुवार

आजोबांकडं गेले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी विचारलं, "पोरं खचली का?" थोडी, म्हटलं. "मग चला."

रेघ बुजवायची नाही म्हणाले. चरात दर चार मीटरवर मातीचा आडवा पडदा घालायचा, म्हणजे एका लांब नाल्याचे लहान लहान हौद होतात. चार मीटरमध्ये उतार तीनच सेंटिमीटर, तेवढा चालतो. नऊ पडदे. फुटलेल्या जागी आधी दगड रचून मग माती, आणि घळीत दगडांचे छोटे अडसर. ओल्या मातीमुळं काम लवकर झालं, पण एकेक घमेलं दुपटीनं जड. क्रूसाबद्दल विचारायला आलेल्या त्या चौघांपैकी दोघे दुपारी स्वतःचे टिकाव घेऊन आले.

नवीन मीटर आज शून्य.

२४ मे, शनिवार

दुसऱ्या तुकडीचे १४८. पावसानं अडीच दिवस गेले, डागडुजीत दोन. एकूण ३६२ मीटर, एका भरणीला ६५,१६० लिटर. इथं येणारा टँकर दहा हजारांचा, म्हणजे साडेसहा खेपा. फादरांना फोनवर आकडा सांगितला. ते म्हणाले, सहाशे होते ना? होते, म्हटलं.

आज मोसमी पाऊस केरळात पोचला. तुकडी दुपारी गेली.

२६ मे, सोमवार

मी आज निघाले. मुंबईत पाऊस आजच दाखल, एरवी ११ जूनच्या आसपास येणारा. कसाऱ्यापासून पुढं काच पुसून काही दिसत नव्हतं. घरी पोचले तर अंगणात घोटाभर पाणी. बावखल बुजवलंय त्या बाजूनं येतंय. आई म्हणाली, आल्या आल्या कुठं बघतेस, आधी आत ये.

३१ मे, शनिवार

सामानाची नोंद. टिकाव १२ (दोन दांडे मोडलेले), फावडी १०, घमेली १८, पहारी ३, सगळं मिशनच्या कोठीत. फक्की अर्धं पोतं, ओल लागली असेल. ए-फ्रेम दोन: नवी वस्तीतल्या काकांच्या घरी, खुंटीला. जुनी आजोबांकडं. तिचा आखूड पाय त्यांनी बदललेला नाही, त्यावर लाल चिंधी बांधलीय. आधी ती तपासा, मग हात लावा.